सौना कोण तापवतं

१९ ऑगस्ट, शनिवार

मिळाली एकदाची परवानगी. पंचाहत्तरीच्या आसपासच्या आणि पुढच्या प्रत्येक माणसाला भूल देण्याआधी आम्ही त्याच्याशी आणि त्याच्या घरच्यांशी नीट बसून बोलणार, आणि मगच ठरवणार भूल कोणती आणि किती. वसंत ऋतूपर्यंत मुदत आहे. तोवर फरक दिसला तर चालू, नाहीतर गाशा गुंडाळायचा.

म्हातारपणी भूल द्यायची गोष्ट आम्ही भूलतज्ज्ञांनी वर्षानुवर्षं फार हलक्यात घेतली. शस्त्रक्रिया झकास होते, हाड जुळतं, आणि जागा होतो तो माणूस वेगळाच असतो. बायकोला ओळखत नाही, नळ्या उपटतो, भिंतीवर मेंढ्या मोजतो. बरेचसे चार दिवसांत ताळ्यावर येतात. काही पूर्ण येतच नाहीत, आणि त्यांच्या घरचे आम्हाला जाबही विचारत नाहीत, कारण आमच्या देशात डॉक्टरला त्रास देणं वाईट समजतात.

घरी येऊन ओइवाला सांगितलं. तो 'बरं' म्हणाला. हॅमे प्रांताच्या माणसाकडून एवढं म्हणजे भाषणच झालं. आमच्या सावोकडे 'बरं' म्हणायला माणूस अर्धा तास घेतो आणि शेवटी ते बरं होतं की वाईट, हे ऐकणाऱ्यावर सोडून देतो. माझी आई लग्नात म्हणाली होती, 'मार्युत, तुझं बोलणं आणि ह्याचं गप्प बसणं मिळून दोन धड माणसं होतील.' खरंच झाली.

संध्याकाळी लाकडं पेटवून सौना, आमची वाफेची न्हाणी, तापवला. ओइवाचा खांदा दुखावल्यापासून ते काम माझ्याकडेच आहे, आणि मला ते आवडायलाही लागलंय. बर्चच्या डहाळ्यांची जुडी भिजवून आणली आणि मुद्दाम म्हणाले, 'घे, वास्ता.' आम्ही सावोचे तिला वास्ता म्हणतो, हॅमेचे विह्ता. लग्नापासून दर शनिवारी त्यानं मला दुरुस्त केलंय. आज घेतली आणि पाठीवर मारून घ्यायला लागला. तलावाकडे बघत बसला. अडतीस वर्षांनी मी जिंकले तर!

७ सप्टेंबर, गुरुवार

गुरुवार, म्हणून कॅन्टीनमध्ये वाटाण्याचं सूप आणि पॅनकेक. सूप पोटात असताना माणसं कमी भांडतात म्हणून बैठक मुद्दाम जेवणानंतर ठेवली. काही उपयोग झाला नाही.

हाडांचा सर्जन रिस्तो म्हणाला की चष्मा घातल्यानं मांडीचं हाड लवकर जुळतं असं त्याच्या वाचनात आलेलं नाही. मी म्हटलं, हाड नाही जुळत, पण ज्याचं हाड आहे त्याला छत दिसतं, घड्याळ दिसतं, समोरचं तोंड माणसाचं आहे हे कळतं. आम्ही काय करतो? आधी चष्मा काढतो, मग कानातलं यंत्र, मग कवळी, मग आंधळ्या-बहिऱ्या-बोळक्या माणसाला थंड खोलीत ढकलतो, वर गुंगीचं औषध देतो, आणि मग म्हणतो, ह्याला भ्रम का झाला बुवा!

शेवटी नियम ठरले. यंत्र आणि चष्मा शेवटच्या क्षणापर्यंत अंगावर आणि जाग येताच परत. सकाळी काळी कॉफी द्यायची, तहानलेलं ठेवायचं नाही. ज्याच्या डोक्याला धोका जास्त, त्याला पाठीत सुई देऊन फक्त कमरेखालची भूल, वरून गुंगीचं औषध अजिबात नाही, आणि जाग येताना घरचं माणूस उशाशी. धोका कुणाला हे ओळखण्यासाठी एक छोटी स्मरणाची चाचणी, आणि घरच्यांना एक प्रश्न: गेल्या दोन वर्षांत ह्यांच्यात काही बदल जाणवतो का? हाड मोडून आलेला माणूस कळवळत असतो, त्याला चाचणी कुठली देणार. तिथे सगळी मदार ह्या प्रश्नावर. तो माझा आहे. साधा आणि सरळ, त्यामुळे मला त्याचा अभिमान आहे.

२३ सप्टेंबर, शनिवार

ओइवा मशरूम आणायला गेला तो अंधार पडता पडता आला. टोपली रिकामी. 'यंदा नाहीत,' म्हणाला. शेजाऱ्यांच्या अंगणात पिवळ्या कान्तारेल्ली मशरूमची रास वाळत पडलीय. मी त्याला चिडवलं, जन्मभर सरकारसाठी जमिनी मोजल्यास, ह्या जंगलाचा नकाशा तू काढलास, आणि तुला मशरूम दिसले नाहीत? तो हसला. गुडघ्यापर्यंत चिखल होता, दलदलीत कशाला गेला होता कोण जाणे.

कामाचं सगळं त्याला सांगत बसले. तो ऐकतो छान. दिवसभर माझ्याशी सगळे वाद घालतात, हा एक माणूस आहे जो घालत नाही.

२६ ऑक्टोबर, गुरुवार

आज बरं वाटलं. लेम्पी नावाची चौऱ्याऐंशी वर्षांची आजी, खुब्याचं हाड मोडलेलं. जागेपणी शस्त्रक्रिया केली, कानात यंत्र, नाकावर चष्मा. रिस्तो ठोकाठोकी करत होता आणि ती पडद्याअलीकडे मला वाटेल ते विचारत होती. 'पोरी, तुझं लग्न झालंय का?' मी बासष्ट वर्षांची आहे. झालंय म्हटल्यावर म्हणाली, 'मग तो सुतार कोण आहे पलीकडे, त्याचं बघ कुठेतरी, फार आदळआपट करतो.' रिस्तो मास्कच्या आत हसला. दुपारी ती वॉर्डात कॉफी पीत होती आणि नर्सला तिचं नाव घेऊन हाक मारत होती. गेल्या वर्षी अशाच आजीला आम्ही पट्ट्यांनी पलंगाला बांधलं होतं.

आढावा घेताना विर्वे एक गोष्ट बोलली. विर्वे आमची भूल-परिचारिका, घरच्यांना प्रश्न तीच विचारते. म्हणाली, 'हॅमेकडच्या बायकांना विचारून काही उपयोग नाही. सगळ्या एकच सांगतात: जसा होता तसाच आहे, तो आधीपासूनच अबोल.' सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं मी, कारण घरचाच अनुभव. विर्वेला मात्र प्रश्नाचीच शंका आहे. रोज बघणाऱ्याला बदल दिसतो का, असं तिचं म्हणणं. मी सांगितलं की नवरा-बायकोइतकं जवळून दुसरं कोण बघणार? तिला पटलं नाही हे मला दिसलं.

१६ नोव्हेंबर, गुरुवार

एक केस वाईट गेली. ऐंशीचा शेतकरी. बायको म्हणाली, काही बदल नाही. आम्ही इतरांसारखीच भूल दिली. दोन दिवस तो पलंगावर बसून नसलेल्या गाईंची धार काढतोय. मुलगा आला तेव्हा कळलं की वर्षभर बाबांना ट्रॅक्टर चालवू देत नव्हते, दोनदा परक्याच्या शेतात नांगर घातला होता.

बायकोशी मी बोलले. नीटच बोलले, पण मनातून संतापले होते. इतक्या वर्षांचा संसार आणि हिला कळलं नाही? मला नाही पटत. कळलं होतं, लपवलं. लाजेपायी माणसं काय काय करतात. विर्वेला तसं म्हटलं तर ती म्हणाली, 'मला नाही वाटत ती खोटं बोलली.' विर्वे फार मऊ आहे.

रिस्तोनं अर्थात ही केस लक्षात ठेवलीय. असल्या दोन-तीन झाल्या तर वसंतात माझं सगळं मोडीत काढतील. झोप येत नाही. ओइवाला सांगावं तर तो आजकाल लवकर झोपतो.

२४ डिसेंबर, रविवार

आमची मुलगी इल्ता पोरांना घेऊन आली. हॅम, कंदमुळांचे कॅसरोल, भाताची खीर, सगळं झालं. खिरीतला नशिबाचा बदाम धाकट्याला मिळाला.

दुपारी रिवाजाप्रमाणे कबरस्तानात मेणबत्त्या लावायला गेलो. बर्फात शेकडो ज्योती, बघून माझ्यासारखीचीही बोलती बंद होते. मागे वळून बघते तर ओइवा त्याच्या आईवडिलांपाशी नाहीच, दोन ओळी पलीकडे कुणा अनोळखी माणसाच्या कबरीपुढे टोपी काढून उभा. आमची मेणबत्ती तिथे पेटवलेली. मी इल्ताला म्हटलं, बघ तुझा बाप, त्या बिचाऱ्याचं कुणी आलेलं नाही म्हणून ह्यानं लावली. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. ओइवाच्या आईसाठी मी पिशवीतली दुसरी काढली. इल्ता बापाकडे बघत राहिली. रात्री भांडी धुताना तिनं विचारलं, 'आई, बाबा बरे आहेत ना?' मी म्हटलं, त्याला काय धाड भरलीय. गप्प माणूस सुखी असतो.

१३ जानेवारी, शनिवार

ओइवा पडला. पहाटे पाऊस पडून बर्फावर सगळी काच झालेली, आणि हा पायात घरातल्या चपला घालून पेपर आणायला गेला. डावा खुबा. ॲम्ब्युलन्समधून मी माझ्याच इस्पितळात नातेवाईक म्हणून शिरले. दरवाजा तोच, पण आज कुठे उभं राहायचं तेच मला कळेना.

विर्वे ड्यूटीवर होती. ओइवा वेदनेनं दात खाऊन पडलेला, त्याला चाचणी देण्यात अर्थ नव्हता. ती माझ्याकडे वळली आणि विचारलं, गेल्या दोन वर्षांत ह्याच्यात काही बदल जाणवतो का?

'जसा होता तसाच आहे,' मी म्हटलं. 'बोलत नाही फारसं, पण तो आधीपासूनच अबोल.'

विर्वेनं लिहायला घेतलेलं पेन खाली केलं. मग म्हणाली, 'मार्युत, नक्की?' मी तिच्यावर खेकसले. माझ्या नवऱ्याची मला माहिती नसेल तर कुणाला असेल? ती माझं उत्तर लिहून घेऊन गेली.

ओइवाला हातोड्याचे आवाज ऐकायचे नव्हते, झोपवा म्हणाला. आमचा भूलतज्ज्ञ योनातान नवा आहे पण हाताचा हुशार. त्यानं कमरेखालची भूल दिली आणि वरून गुंगीचं औषध, ज्यांना धोका नाही त्यांना देतो तसंच. शस्त्रक्रिया उत्तम झाली. मला घरी जाऊन झोपायला सांगितलं आणि मी गेले. जाग येताना उशाशी घरचं माणूस हवंच असा नियम अशा रुग्णांना लागू नाही.

१४ जानेवारी, रविवार

तो मला ओळखत नाही.

१५ जानेवारी, सोमवार

काल पुढे लिहवलं नाही. सकाळी गेले तेव्हा त्यानं हातातली सुई उपटली होती, चादरीवर रक्त होतं, आणि दोन परिचारिका त्याला पलंगावर धरून होत्या. माझा ओइवा, जो मुंगीला बाजूला करून लाकूड फोडतो, तो त्यांना लाथा मारत होता. मला बघून म्हणाला, 'ह्या बाईला बाहेर काढा, ही फार बडबडते.'

मी योनातानला गाठलं आणि त्याला फाडून खाल्लं. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला इतकं औषध? डोळे फुटले होते का? बिचारा पांढराफटक पडला, पण मागे हटला नाही. 'मी तुझ्याच नियमानं दिलं, मार्युत,' म्हणाला. 'तुझ्याच उत्तरावर.'

मी कपडे बदलायच्या खोलीत जाऊन बसले.

१७ जानेवारी, बुधवार

आज थोडा शांत आहे. दुपारी मात्र उठायला लागला, कारण त्याच्या मते आज शनिवार आहे आणि सौना तापवायचाय. विर्वे उशाशी बसली होती. तिनं त्याच्या दंडावर हात ठेवला आणि समजावलं, 'तू पड. मार्युत तापवेल ना.'

तो थांबला. 'हो,' म्हणाला, 'आता तीच तापवते.' आणि रडायला लागला. लग्नात रडला नाही, आईच्या मातीला रडला नाही, आणि सौन्यासाठी लहान मुलासारखा रडला. विर्वेनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, त्याचा खांदा दुखावलाय ना, म्हणून.

१९ जानेवारी, शुक्रवार

इल्ताचा फोन. मी तिला सौन्याचं सांगितलं, खांद्याचंही. तिनं सगळं ऐकून घेतलं. बापावर गेलीय. मग म्हणाली, 'आई, बाबांचा खांदा दुखावला त्याच उन्हाळ्यात बराही झाला होता. त्यांनी माझी होडी खालून-वरून खरवडून दिली, रंगही दिला. तू तिथेच होतीस, बोलत बसली होतीस.'

होते. होडी लाल होती. ओइवा दोन्ही हात डोक्यावर नेऊन रंग देत होता आणि मी रिस्तोच्या कागाळ्या सांगत होते. मग दर शनिवारी लाकडं मी का रचत होते? त्यानं एकदाही 'दे इकडे' म्हटलं नाही. मीही विचारलं नाही, कारण मला ते आवडायला लागलं होतं.

आता एकेक आठवतंय. दलदलीचा चिखल. कबरस्तानातला अनोळखी माणूस. 'वास्ता' ऐकूनही न आलेलं 'विह्ता'.

त्या शेतकऱ्याच्या बायकोला मी मनातल्या मनात काय काय म्हटलं होतं. ती खोटं बोलली नव्हती.

२ फेब्रुवारी, शुक्रवार

स्मृतिदवाखान्यात तपासणी झाली. आजार आहे, आणि दोन-तीन वर्षांचा आहे. डॉक्टरीणबाई फार चांगली. मी विचारलं, गुंगीचं औषध दिलं नसतं तर? ती म्हणाली, तरी भ्रम झाला असता कदाचित, अशा माणसाला नुसत्या हाड मोडण्यानंही होतो. मग म्हणाली, पण तयारी तरी असती. तिनं मला दोष दिला नाही. दिला असता तर मी भांडले तरी असते.

ओइवा मला आता ओळखतो, पण आधी होता तितका परत आलेला नाही. येईल असं कुणी म्हणत नाही. तो प्रश्न मी वीस वेळा लिहून बघितला. चुकीचं उत्तर देणाऱ्या बायकांवर खापर फोडत होते, आणि प्रश्नच असा होता की ज्याला बदल दिसलाय त्यालाच उत्तर देता यावं. ज्याला दिसतो तो न विचारताही सांगतो, मग आम्हाला विचारायची गरजच काय होती?

२ मार्च, शनिवार

ओइवा घरी आलेला पहिला शनिवार. वॉकर घेऊन सौन्यापर्यंत आला आणि बाकावर बसला. मी आज लाकडं रचली नाहीत. बर्चचे तुकडे, साल आणि काडेपेटी त्याच्या शेजारी ठेवली आणि समोर बसले. तोंड बंद ठेवायचं असं ठरवलं होतं. मला ते किती जड जातं ते मलाच ठाऊक.

त्यानं एक तुकडा उचलला. भट्टीचं दार उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. तुकडा मांडीवर ठेवला. ज्यानं आयुष्यभर डोळे मिटून आग पेटवली त्या माणसाला आधी काय घालायचं ते आठवेना. मला उठून हातातून घ्यावंसं वाटत होतं. नाही उठले. बाहेर छपरावरून बर्फ ठिबकत होतं.

बऱ्याच वेळानं तो स्वतःहून बोलला. 'दोन हिवाळे झाले,' म्हणाला. 'पहिल्यांदा वाटलं, लाकूड ओलं असेल. मग तू तापवायला लागलीस. मला सुटल्यासारखं झालं.'

मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? मी डॉक्टर आहे, तुझी बायको आहे.

'सांगणार होतो,' तो म्हणाला. 'बऱ्याचदा. पण तू बोलत होतीस.'

त्यात तक्रार नव्हती. पाऊस पडत होता म्हणून बाहेर गेलो नाही, तसं सांगितलं त्यानं. मी त्याच्या शेजारी जाऊन बसले आणि रडले, आणि त्यानं माझा गुडघा थोपटला. मग आम्ही दोघांनी मिळून आग लावली. मी साल पुढे केली, त्यानं काडी ओढली.

४ मार्च, सोमवार

कामावर रुजू झाले. योनातानची माफी मागितली. तो लाजला आणि कॉफी आणायला पळाला. विर्वेची मागायला गेले तर तिनं मला मिठी मारली, जे आमच्याकडे कुणी करत नाही, आणि आम्ही दोघी ओशाळलो.

बैठकीत माझा प्रश्न मीच काढून टाकला. रिस्तोला वाटलं मी हार मानली. मी म्हटलं, वसंतात बंद करायचं तर करा, पण तोवर घरच्यांना आता बदल विचारायचा नाही, कामं विचारायची. आधी ते काय करायचे आणि आता ते कोण करतं. तो काही उपरोधिक बोलणार असं वाटलं होतं. टेबलाकडे बघत म्हणाला, 'माझ्या वडिलांबद्दल विचारायला हवं होतं असं कुणीतरी.' आणि उठून गेला.

दुपारी पहिली बाई आली. नवरा खुबा मोडून आत पडलेला, अठ्ठ्याहत्तर वर्षांचा. बाई टापटीप, केस विंचरलेले, हातात त्याची टोपी. विर्वे म्हणाली, आज तूच विचार. मी काही विचारायच्या आधीच बाईनं सुरू केलं की तो अगदी ठणठणीत आहे, जसा होता तसा, तसा तो आधीपासूनच अबोल.

मी विचारलं, 'तुमच्या घरी सौना कोण तापवतं?'

तिला प्रश्नाची गंमत वाटली. 'मीच,' ती हसत म्हणाली. 'म्हणजे आधी तोच तापवायचा. पण मागे त्याची पाठ धरली होती ना, तेव्हापासून...'

आणि ती थांबली. हातातली टोपी तिनं उलटी केली, सुलटी केली. माझ्या जिभेवर दहा वाक्यं आली होती. मी एकही बोलले नाही. खुर्ची तिच्याजवळ ओढली आणि वाट बघत बसले.